ब्लेअरसाहेबांची दुसरी कारकीर्द

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय टोनी ब्लेअर आहे हे कळल्यावर एका भाईंनी मला विचारलं, "आपा, त्या माणसाचं पंतप्रधानपद जाऊन अठरा वर्षं उलटली. आता त्याचा हिशेब कशाला काढायचा?" प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की पदावरच्या माणसावर संसदेची, विरोधकांची, वर्तमानपत्रांची नजर असते. पद सुटलं की ती नजर हटते. ब्लेअर १० वर्षं पंतप्रधान होते, आणि माजी पंतप्रधान म्हणून त्यांनी त्याहून जास्त वर्षं काम केलं आहे. मला ही दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा जास्त तपासण्यासारखी वाटते. आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण आपले पुढारी निवृत्तच होत नाहीत. फार झालं तर राजभवनात जातात.

आधी त्यांच्या बाजूचं सांगते. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं चाललेला रक्तपात १० एप्रिल १९९८ च्या करारानं थांबला, त्यात ब्लेअर यांचा वाटा मोठा होता. ब्रिटनमध्ये किमान वेतनाचा कायदा त्यांच्याच सरकारनं आणला. आणि कोसोव्होत, जिथली बहुसंख्य जनता मुसलमान आहे, तिथे १९९९ नंतर काही आईबापांनी आपल्या मुलांची नावं चक्क 'टोनिब्लेर' ठेवली. २०१० मध्ये ब्लेअर तिथे गेले तेव्हा ही मुलं त्यांच्या भेटीला आणली होती. तेव्हा 'ब्लेअर म्हणजे मुसलमानांचा शत्रू' हे आपल्याकडे सभांमध्ये ऐकू येणारं वाक्य मला मान्य नाही. त्या वाक्यानं टाळ्या मिळतात, समज वाढत नाही.

पण इराकचं काय करायचं? सप्टेंबर २००२ मध्ये त्यांच्या सरकारनं एक दस्तऐवज काढला आणि सद्दाम हुसेन ४५ मिनिटांत संहारक अस्त्रं वापरू शकतो असं लोकांना सांगितलं. अशी अस्त्रं सापडलीच नाहीत. त्याआधीच, जुलै २००२ मध्ये, काहीही झालं तरी आपण तुमच्यासोबत राहू अशा अर्थाचं पत्र ब्लेअर यांनी बुश यांना लिहिलं होतं. ते आपल्याला कळलं चिल्कॉट चौकशीमुळे. तिचा अहवाल ६ जुलै २०१६ ला आला: १२ खंड, २६ लाख शब्द. शांततेचे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरलं, असा त्याचा निष्कर्ष. जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी माणसं मेली आणि त्यांतली बहुतेक सामान्य नागरिक होती, हेही त्यात आहे. ब्लेअर यांनी त्या दिवशी दुःख व्यक्त केलं, पण निर्णय चुकला असं म्हटलं नाही. आपल्या लोकसभेनं मात्र एप्रिल २००३ मध्येच या युद्धाविरुद्ध एकमतानं ठराव केला होता. त्यात हिंदीतला 'निंदा' हा शब्द घातला होता, आणि तेव्हा सरकार वाजपेयींचं होतं.

हे सगळं पाठीवर असलेला माणूस २७ जून २००७ ला पायउतार झाला. त्याच दिवशी खासदारकीही सोडली. आणि त्याच दिवशी त्याला नवं काम मिळालं: संयुक्त राष्ट्रसंघ, अमेरिका, युरोपीय संघ आणि रशिया या चौघांच्या गटाचा पश्चिम आशियातला दूत. बगदाद जळत होतं. आदल्याच वर्षी लेबनॉनवर बॉम्ब पडत असताना ताबडतोब युद्धबंदी करा असं म्हणायला ब्लेअर यांनी नकार दिला होता, आणि त्यावरून त्यांचा स्वतःचा पक्ष त्यांच्यावर उलटला होता. त्यांनाच शांततेचं काम!

या कामात काय करता येतं आणि काय नाही, हे आधीच्या दूताच्या अनुभवावरून दिसतं. जागतिक बँकेचे माजी अध्यक्ष जेम्स वोल्फेन्सन. २००५ मध्ये इस्रायली वसाहती गाझातून हटल्या तेव्हा तिथली शेतीची काचघरं पॅलेस्टिनींना मिळावीत म्हणून त्यांनी देणग्या गोळा केल्या, स्वतःच्या खिशातले ५ लाख डॉलर घातले. काही काचघरं लुटली गेली, तरी पीक आलं. पण कार्नीचा नाका बंद, माल बाहेर जाईना, भाजी-फळं सडली. वोल्फेन्सन २००६ मध्ये वैतागून बाहेर पडले. म्हणजे नाक्याची किल्ली दूताच्या हातात नसते. मग ज्याच्या हातात ती आहे त्याच्याशी भांडायची तयारी दूताकडे हवी. ब्लेअर यांच्याकडे ती होती का? जेरुसलेमच्या एका नामांकित हॉटेलात त्यांचं कार्यालय होतं. दूत म्हणून ते गाझात पहिल्यांदा पोचले १ मार्च २००९ ला, नेमणुकीनंतर वीस महिन्यांनी, तेही तिथलं एक युद्ध होऊन गेल्यावर. २०१५ मध्ये त्यांनी पद सोडलं तेव्हा गाझाचे नाके तसेच होते आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या वसाहती वाढलेल्या होत्या. सगळा दोष त्यांचा म्हणणार नाही, कारण राजकीय वाटाघाटी त्यांच्या अधिकारातच नव्हत्या. पण मग आठ वर्षं त्या खुर्चीत बसायचं कशाला?

याच काळात बाकीचंही चालू होतं. जानेवारी २००८ मध्ये ते जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेचे सल्लागार झाले. पुढे पश्चिम किनाऱ्यावर दुसऱ्या मोबाइल कंपनीला लहरी मिळाव्यात म्हणून दूत या नात्यानं त्यांनी इस्रायलकडे खटपट केली. पॅलेस्टिनींना त्याचा उपयोग झाला, हे खरं. नंतर बातम्या आल्या की त्या कंपनीची मालक कंपनी याच बँकेची गिऱ्हाईक आहे. ब्लेअर यांच्या बाजूनं सांगण्यात आलं की त्यांना हे माहीत नव्हतं. असेलही. पण एकाच माणसानं दोन टोप्या घातल्या की कुठली टोपी बोलते आहे हे समोरच्याला कसं कळणार?

कझाकस्तानचं प्रकरण मला याहून वाईट वाटतं. डिसेंबर २०११ मध्ये झानाओझेन इथे संपावरच्या तेल कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, डझनाहून जास्त माणसं मेली. तिथले अध्यक्ष नझरबायेव तेव्हा ब्लेअर यांचा सल्ला घेत होते. २०१२ मध्ये नझरबायेव केंब्रिज विद्यापीठात भाषणाला जाणार होते, तर त्या गोळीबाराचा विषय पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे कसा हाताळावा याचं पत्र ब्लेअर यांनी लिहिलं, भाषणात घालायला मजकूरही सुचवला. हे पत्र २०१४ मध्ये बाहेर आलं. ती कामगार मंडळीही मुसलमान होती. त्यांच्यासाठी आपल्याकडे कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

आता जो भाग थेट आपल्या चळवळीशी येऊन भिडतो तो. मे २००८ मध्ये ब्लेअर यांनी स्वतःच्या नावानं 'फेथ फाउंडेशन' सुरू केलं. धर्माधर्मांत संवाद घडवायचा, हा हेतू. वेगवेगळ्या देशांतल्या शाळा व्हिडिओवरून जोडायच्या. सिएरा लिओनमध्ये इमाम आणि पाद्री यांना मलेरियाविरोधी कामाचं प्रशिक्षण द्यायचं. कामं वाईट नाहीत. आपणही असंच काहीतरी करत आलो आहोत. मला खटकतं ते निमंत्रकाचं नाव. इराकचं युद्ध दोन धर्मांच्या गैरसमजातून झालं होतं का? ते एका कार्यालयात घेतलेल्या निर्णयातून झालं. त्याला धर्माचा प्रश्न म्हटलं की निर्णय घेणारा आपोआप बाजूला होतो आणि टेबलाच्या मधोमध अध्यक्ष म्हणून येऊन बसतो. आपण मात्र समोर 'मुस्लिम प्रतिनिधी' म्हणून खुलासे देत राहतो.

आणि संवाद हवा होता तर तो झालेला होता! १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांच्या अंदाजानं साडेसात लाख माणसं होती; आयोजकांचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा. मुस्लिम संघटना, अण्वस्त्रविरोधी ख्रिस्ती, ज्यू, डावे, नास्तिक, लेकुरवाळ्या बायका, सगळे एका मोर्चात. पोप जॉन पॉल दुसरे युद्धाच्या विरोधात होते आणि कँटरबरीचे आर्चबिशपही. इतकं सर्वधर्मीय एकमत त्या देशानं क्वचितच पाहिलं असेल. ते ब्लेअर यांच्यासमोर होतं, आणि त्यांनी ते ऐकलं नाही.

२०१६ मध्ये त्यांनी धंद्याच्या कंपन्या आवरल्या आणि 'टोनी ब्लेअर इन्स्टिट्यूट' काढली. आज ती ४० हून जास्त देशांत सरकारांना सल्ला देते. अमेरिकेतले संगणक उद्योगातले अब्जाधीश लॅरी एलिसन हे मोठे देणगीदार. सौदी अरेबियाचाही पैसा आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार जमाल खशोगी यांचा खून झाला, त्यानंतरही सौदीतलं काम थांबलं नाही. एखाद्या मंत्रालयात बसून धोरण लिहिणारा सल्लागार चुकला, तर त्या देशाच्या मतदारानं कोणाला पाडायचं?

माजी नेत्यानं घरी बसावं असं मी म्हणत नाही. जिमी कार्टर १९८० ची निवडणूक हरले, ४० वर्षांहून जास्त जगले, आणि त्यांच्या संस्थेनं १९८६ पासून नारूचा रोग धरला. नारू म्हटलं की आपल्या जुन्या माणसांना पायऱ्यांच्या विहिरी आणि पायातून काडीवर गुंडाळून काढायचा तो जंत आठवेल. भारत आपल्या कार्यक्रमानं २००० मध्ये नारूमुक्त ठरला. १९८६ च्या सुमारास जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण असायचे. २०२४ मध्ये १५. इराणचा शहा, पूर्व तिमोरला चिरडणाऱ्या इंडोनेशियाला दिलेली शस्त्रं, हे कार्टर यांच्याही खात्यावर आहेच, त्यांना वली करू नका. पण नारूचा रुग्ण मोजता येतो. सल्लागारीचं काय मोजायचं?

हे सगळं जुनं असतं तर मी आज बोलले नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी गाझासाठी २० कलमी योजना मांडली. वरती एक शांतता मंडळ, अध्यक्ष स्वतः ट्रम्प, आणि सोबत नाव घेतलं ते ब्लेअर यांचं. अरब देशांतून कुरकुर झाली. तरी जानेवारी २०२६ मध्ये मंडळाच्या कार्यकारी समितीची यादी आली त्यात ते आहेत. सात नावं: अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रुबिओ, ट्रम्प यांचे जावई कुशनर, दूत विटकॉफ, गुंतवणूक व्यवसायातले मार्क रोवन, ट्रम्प यांचे एक सल्लागार, ब्लेअर, आणि जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा, जन्म आपल्या खडकीचा. या सातांत पॅलेस्टिनी एकही नाही. पॅलेस्टिनी आहेत ते खालच्या समितीत. पाणी, कचरा, शाळा त्यांनी बघायच्या.

त्या समितीतल्या माणसाला उद्या नाका उघडून हवा असेल, तर त्यानं अर्ज कोणाकडे करायचा आणि नकार आला तर दाद कुठे मागायची, हे मला त्या योजनेत सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी वाचलं असेल तर चर्चेत सांगा. चहा आला आहे, तो घेऊन आपण प्रश्नांकडे वळू.