नवलाईचे दिवस आणि चौऱ्याऐंशी हप्ते



दसऱ्याच्या सकाळी आपल्याकडच्या कुठल्याही मोटारींच्या शोरूममध्ये जाऊन पाहा. पितृपक्षात ओस पडलेली ती जागा त्या दिवशी माणसांनी नुसती फुललेली असते. पैसे आधीच भरून झालेले असतात, आरटीओचे कागद तयार असतात, पण चावी हातात घ्यायची ती मुहूर्तावरच. गाडी साटीनच्या कापडाखाली झाकून ठेवलेली असते. आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळं घर भोवती जमतं, कापड ओढलं जातं, टाळ्या पडतात. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, नारळ, आणि मग पहिली फेरी थेट कुलदैवताला.

हा आनंद खरा असतो. त्याला कुणी दिखावा म्हटलं तर मला ते पटत नाही. ज्या घरातले आजोबा एसटीची वाट पाहत फाट्यावर तासन्‌तास उभे राहिले, वडिलांनी काटकसर करून लूना घेतली, त्या घराच्या दारात मोटार उभी राहणं ही साधी गोष्ट नव्हे. माझा प्रश्न त्या दिवसाबद्दल नाही, त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल आहे. हा आनंद टिकतो किती? आणि ओसरतो तो नेमका कशामुळे?

आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे घडताना आपण रोज पाहतो. पहिले काही आठवडे मालक सकाळी स्वतः उठून मऊ कापडानं गाडी पुसतो. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, चप्पल झटकल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, गाडीत बसून खायचं नाही, असे नियम होतात. झाडाखाली लावली तर पक्षी घाण करतील, म्हणून उन्हातली जागा पत्करली जाते. रात्री जेवण झाल्यावर काहीतरी निमित्त काढून खाली जाऊन गाडी एकदा बघून यायची, हेही असतंच. पुढं महिन्याच्या पगारावर पुसणारा माणूस लागतो. दाराच्या कप्प्यात पार्किंगच्या पावत्या साचतात, सीटच्या फटीत बिस्किटाचा चुरा जातो, वळणावर मागच्या सीटखाली पाण्याची बाटली गडगडते आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. पहिला ओरखडा उठतो त्या रात्री घरात कुणाला जेवण जात नाही. दुसरा दोन दिवसांनी लक्षात येतो. तिसरा कधी पडला हे कुणालाच सांगता येत नाही.

नव्या गाडीचा तो वास आठवा. सीटचं आवरण, डॅशबोर्डचं प्लास्टिक, चिकटवायला वापरलेले पदार्थ यांतून हवेत उडून जाणाऱ्या रसायनांचा तो वास. काही महिन्यांत ती रसायनं उडून जातात आणि वास खरोखरच संपतो. पण नाकाला तो त्याच्या कितीतरी आधी येईनासा होतो. गाडीत बसल्यावर थोड्या मिनिटांतच नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, कारण जे सतत आहे आणि बदलत नाही ते मेंदूपर्यंत पोचवत राहण्यात शरीराला काही हशील नसतं. नाकाचं जे होतं तेच गाडीच्या रंगाबाबत डोळ्यांचं होतं, आणि थोड्या सावकाशीनं मनाचंही.

मेंदूच्या अभ्यासातून हे फार स्पष्टपणे पुढं आलं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात माकडांवर काही प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळानं माकडाच्या तोंडात फळांचा रस पडायचा. मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी सुरुवातीला रस मिळताच उसळायच्या. माकडाला संगती कळल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा मात्र शांतच राहिल्या. रस तोच होता, तितकाच गोड होता. पण तो मिळणार हे आता ठरलेलं होतं. या पेशी मोजतात ती अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत. दारात उभी असलेली गाडी उद्याही तिथंच असणार, हे एकदा मनात पक्कं बसलं की त्या पेशींना मोजायला काही उरत नाही.

म्हणूनच वाट पाहण्याच्या दिवसांना मी फार मानतो. ज्यांनी सत्तरच्या दशकातला काळ पाहिला आहे त्यांना बजाजची चेतक आठवत असेल. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणारी ती स्कूटर नंबर लावल्यावर मिळायला वर्षानुवर्षं लागत. मुलगा कॉलेजात असताना लावलेला नंबर त्याच्या लग्नाच्या सुमारास लागावा, अशीही उदाहरणं होती. नंबर लागला की स्कूटर तशीच 'ऑन'नं, म्हणजे जादा किमतीला, विकून चार पैसे करणारेही होते. मोटारींची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी हवी असेल तर यादीत नाव घालून थांबावं लागे. त्या टंचाईचं गुणगान मला करायचं नाही. परवाना राजनं माणसांची उमेदीची वर्षं रांगेत घालवली, आणि तसा काळ परत येऊ नये असंच मी म्हणेन. पण त्या वर्षांत घरात गाडीबद्दल रोज बोललं जायचं, पहिल्यांदा कुठं जायचं ते ठरायचं, पैसे साठायचे. आनंदाचा मोठा वाटा चावी मिळण्याच्या आधीच भोगून झालेला असायचा. आज कर्ज एका दिवसात मंजूर होतं. त्यामुळे गाडी आधी येते आणि वाट पाहणं नंतर सुरू होतं, तेही हप्ते संपण्याची.

आता मला एका अभ्यासाबद्दल सांगायचं आहे, कारण या विषयावर याहून नेमकं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. तेव्हा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात असलेले नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांचे सहकारी यांनी मोटार बाळगणाऱ्यांना प्रश्न विचारले. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांचाही या विचारात वाटा होता. एरवी गाडी चालवताना तुम्हाला कसं वाटतं, असं विचारलं तेव्हा जितकी गाडी महाग तितकं उत्तर जास्त आनंदी आलं. पण तुम्ही अगदी अलीकडे गाडी चालवली ती कधी, कुठं जायला, आणि त्या वेळी कसं वाटत होतं, असं विचारल्यावर गाडीची किंमत आणि आनंद यांचा संबंध दिसेनासा झाला. महागड्या गाडीतला माणूस आणि स्वस्त गाडीतला माणूस कामावर जाताना सारखेच होते. केवळ हौस म्हणून, फिरायचं म्हणून गाडी काढलेली असली तरच चांगल्या गाडीचा आनंद जास्त होता.

यामागचं कारण सरळ आहे. गाडी आनंद देते ती गाडीकडे लक्ष असताना. रोजच्या जाण्यायेण्यात लक्ष असतं समोरच्या रिक्षावर, सिग्नलवर, साहेबांच्या निरोपावर, मुलाच्या परीक्षेवर. लक्षच नसेल तर वीस लाखांची सीट आणि सहा लाखांची सीट यांत मनाच्या दृष्टीनं फरक उरत नाही. आणि तरीही, गाडी कशी काय, असं कुणी विचारलं की त्या क्षणी आपलं लक्ष गाडीकडे जातं, आनंद होतो आणि आपण मनापासून सांगतो, एकदम मस्त! ते खोटं नसतं. पण ते ऐकून दुसरा माणूस कर्ज काढतो.

शोरूममध्ये आपली निवड चुकते तीही इथंच. तिथं दोन मॉडेलं शेजारीशेजारी उभी असतात. एकाला सनरूफ आहे, दुसऱ्याला नाही. एकाची स्क्रीन सात इंची, दुसऱ्याची दहा इंची. शेजारी ठेवलं की प्रत्येक फरक डोळ्यांत भरतो. घरी मात्र एकच गाडी येते. तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण उभी नसते, त्यामुळे तुलना करायची कुणाशी? ट्रायल घेताना त्या पंधरा-वीस मिनिटांत आपलं सगळं चित्त गाडीवर एकवटलेलं असतं, आणि पुढच्या दहा वर्षांचा निर्णय त्या मिनिटांवर होतो. सनरूफचंच पाहा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याचा पडदा महिनोन्‌महिने ओढलेला राहतो. मुलांना त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहायचं असतं, आणि चालत्या गाडीत ते जिवावर बेतणारं आहे. कृपा करून ते कधीही करू देऊ नका.

आता थोडा हिशेब. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १६,१०० रुपये. असे ८४ हप्ते, म्हणजे एकूण साडेतेरा लाख. वरच्या मॉडेलसाठी जास्तीचे तीन लाख कर्जातच घातले, तर त्या फरकापोटी महिन्याला सुमारे ४,८०० रुपये जातात, सात वर्षं. गाडीची किंमत किती वेगानं उतरते त्याचं कोष्टक विम्याच्या नियमांत छापलेलं आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्ष भरेपर्यंत १५ टक्के, पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. नवलाईचं असं कोष्टक कुणी छापलेलं नाही, पण ती लोखंडापेक्षा फार लवकर उतरते, एवढं आपण सगळे अनुभवानं जाणतो.

या सवयीची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. चांगल्या गोष्टीची सवय होते, पण वाहतूक कोंडीची होत नाही. गाडी रोज तीच असते. कोंडी मात्र आज या चौकात, उद्या त्या पुलावर. कधी दहा मिनिटांची, कधी तासाची. जे रोज बदलतं त्याला मन सरावत नाही. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत पुणे शहर वाहतुकीच्या संथपणात चौथं होतं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त वेळ. झुरिचचे अर्थशास्त्रज्ञ ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली, तेव्हा कामावर जायला ज्यांना जास्त वेळ लागतो ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचं आढळलं. म्हणजे लांबच्या उपनगरात मोठा फ्लॅट घ्यायचा, गाडी आहेच जायला-यायला, हा जो हिशेब हल्ली घरोघरी मांडला जातो, त्यात फ्लॅटचा आणि गाडीचा आनंद विरतो आणि रस्ता तेवढा राहतो.

मग गाडी घेऊच नये का? मला तसं मुळीच म्हणायचं नाही. नवलाई आणि जिव्हाळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली संपल्यावरच दुसऱ्याला जागा होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते एका सामान्य नोकरदार गृहस्थांना मिळाली. पुढच्या काळात देशात कितीतरी नव्या गाड्या आल्या. त्या गृहस्थांनी ती पांढरी मारुती २०१० मध्ये स्वतःचं निधन होईपर्यंत सोडली नाही. इतकी वर्षं नवलाई कुणाची टिकत नाही. टिकलं ते त्या गाडीतून जगलेलं आयुष्य. तुमच्याही घरात पाहा. जुनी गाडी विकताना डोळ्यांत पाणी येतं ते तिच्या रंगासाठी नव्हे. बाळंतपणासाठी भर पावसात हॉस्पिटल गाठलं ते तिच्यातून, आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा नेलं-आणलं ते तिच्यातून, कोकणात जाताना ताम्हिणीत थांबून भिजलो ते तिच्यासोबत. आणि यांतल्या कशालाही टॉप मॉडेल लागलं नव्हतं.

येत्या मुहूर्तावर तुमच्यापैकी कुणी गाडी घेणार असेल, तर आनंदानं घ्या, पेढे वाटा. फक्त बुकिंगची रक्कम भरण्याआधी एक करा. जी गाडी घ्यायची मनात आहे, तीच गाडी तीन-चार वर्षं वापरणारा माणूस गाठा. गाडी कशी आहे, असं त्याला विचारू नका. मागच्या आठवड्यात ती घेऊन कुठं कुठं गेला होता, बरोबर कोण होतं, वेळ कसा गेला, एवढंच विचारा आणि तो काय सांगतो ते शांतपणे ऐका. वरचं मॉडेल घ्यायचं की खालचं, ते त्यानंतर ठरवा.