लाल-हिरव्या खोलीचं श्रेय

स्वीडनमधल्या सुंडबोर्न गावात एक लाकडी घर आहे. करीन आणि कार्ल लार्सन या चित्रकार जोडप्याला ते 1888 मध्ये तिच्या वडिलांनी दिलं. हिवाळ्यात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा, खोल्या लहान. सुखवस्तू घरांतून तेव्हा तपकिरी फर्निचर आणि जड पडदे असत. यांनी मात्र जेवणाच्या खोलीच्या लाकडी भिंती हिरव्या रंगवल्या, त्यांवरच्या पट्ट्या लालभडक. साधं जुनं फर्निचरही रंगवून काढलं. खोली उबदार झाली.

कार्लने हे घर चित्रांत उतरवलं, 1899 मध्ये त्याचं पुस्तक निघालं, नाव त्याचं झालं. अकादमीत शिकलेल्या करीनने लग्नानंतर चित्रकला सोडली, असं सांगतात. मला हे पटत नाही. पडदे, टेबलक्लॉथ तिने विणले, फर्निचरचे आराखडे काढून सुताराकडून करवून घेतले, तेही मुलांचं सगळं सांभाळून. फक्त त्यावर सही नव्हती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये 1997 साली प्रदर्शन भरलं, तेव्हा शीर्षकात दोघांची नावं आली.

आपण वस्तीत पाहणी करतो तेव्हा अशा बाईपुढे 'गृहिणी' लिहून पुढे जातो. पुढच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवू या: घर कुणी सारवलं, कुणी रंगवलं?