सभेत कुणी ओरडला तर

मुशायऱ्यात शेर पडला की श्रोते शेरे मारतात. आम्ही कवी ते सोसतो; पोलिसांना कुणी बोलावत नाही. राजकीय सभेत मात्र पोलीस हजरच असतात. तिथे कुणी ओरडला, तर त्यांनी काय करावे?

सप्टेंबर २००५ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे अधिवेशन ब्रायटनला भरले होते. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराक युद्धाचे समर्थन करीत असताना वॉल्टर वोल्फगँग हे ८२ वर्षांचे सभासद 'नॉन्सेन्स' असे ओरडले. स्वयंसेवकांनी त्यांना धरून बाहेर काढले. ते परत आत जाऊ लागले, तेव्हा पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली त्यांना अडवले. हिटलरच्या जर्मनीतून पोरवयात निसटून आलेला हा माणूस! पुढे पक्षाने माफी मागितली. पण एका शब्दाला एवढा मोठा कायदा लागलाच कसा?

आपल्याकडे निवडणूक काळातल्या सभांसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७ आहे. सभेचे काम बंद पाडण्यासाठी गोंधळ घालणे हा त्यात गुन्हा आहे. अध्यक्षांनी विनंती केल्यास पोलीस संशयिताला नाव-पत्ता विचारू शकतो. तो न सांगितल्यास किंवा खोटा वाटल्यास वॉरंटशिवाय अटक करू शकतो.

या कलमात मला शहाणपण दिसते. एका आरोळीने सभा बंद पडत नाही. टोळीने येऊन माईक हिसकावला तर पडते. टोळीला जरूर आवरावे, कारण बोलणाऱ्यालाही हक्क आहे. एकट्या माणसाशी मात्र आधी बोलावे. आणि ओरडणारा कुठल्या पक्षाचा, कुठल्या मोहल्ल्याचा, हे वर्दीने पाहू नये.