न्याहारी त्रिनिदादच्या गाडीवर



कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर
कधी सुट्टीला गेलात,
तर सकाळची न्याहारी हॉटेलात करू नका.
रस्त्यावरच्या गाडीवर करा.

तिथं मिळतात डबल्स.
हळद घातलेल्या मैद्याच्या, दोन मऊ तळलेल्या पुऱ्या.
त्यांवर मसालेदार छोले.
चिंचेची चटणी, काकडी,
आणि मिरचीचा झणझणीत सॉस.

विक्रेता विचारेल, तिखट किती घालू?
पहिल्यांदा ‘स्लाइट’ म्हणा.
म्हणजे, अगदी थोडं.
तिथली मिरची फार जहाल असते.

ही चव ओळखीची वाटते ना?
त्यामागं मोठा इतिहास आहे.
1845 साली भारतीय मजुरांचं पहिलं जहाज
त्रिनिदादला पोचलं.
पुढं हजारो माणसं गेली.
बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची.
उसाच्या मळ्यांत ती राबली.
त्यांनी आपली रोटी, डाळ आणि मसाले जपले.

आणि रविवारच्या जेवणात कॅलालूही जरूर चाखा.
अळूची पानं, भेंडी,
आणि नारळाचं दूध.
कधी त्यात खेकडाही असतो.
गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची
ही देणगी.
पहिल्याच घासाला
आपलं अळूचं फदफदं आठवेल.

या दोन्हीकडच्या माणसांनी फार सोसलं.
तरीही ताटातली चव हरवू दिली नाही.
तो घास आदरानं घ्या.

म्हणून, श्रोतेहो, पुन्हा सांगते.
त्रिनिदादला गेलात,
तर न्याहारी रस्त्यावरच्या गाडीवरच करा.
बेटाची खरी ओळख तिथंच होते.