कोरियातील ‘बिगु’ आणि आपला भिक्खू
(गोवंडी येथील भाषणाचा मजकूर)



कोरियन भाषेत ‘बिगु’ असा एक शब्द आहे. कानाला तो परका वाटतो; परंतु तो आपला भिक्खूच होय. चिनी भाषांतरकारांनी ह्या शब्दाचे भाषांतर न करता त्याचा ध्वनी दोन अक्षरांत टिपला. इ. स. ३७२ मध्ये कोरियातील कोगुर्यो राज्यात धम्म पोहोचला, असे तेथील इतिवृत्त सांगते. चिनी ग्रंथांतील ती दोन अक्षरे कोरियन लोकांनी आपल्या उच्चाराने वाचली आणि ‘बिगु’ शब्द रूढ झाला. भिक्खुणीला ते ‘बिगुनी’ म्हणतात.

गोवंडीत ह्या शब्दाची चिकित्सा कशाला, असे आपण विचाराल. आपल्या वाडवडिलांनी गावकी केली आणि तिच्यापोटी दारोदार भाकर मागितली. ती लाचारी आपण निर्धाराने टाकली. मग भिक्षेवर जगणाऱ्याला वंदन का करावे, असे आपला मुलगा विचारतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला दटावू नका, उत्तर द्या.

‘भिक्ष्’ हा धातू ‘भज्’ म्हणजे वाटून घेणे ह्यापासून निघाला, असे भाषापंडित मानतात. त्याच ‘भज्’पासून आपला ‘भाग’ हा शब्द आला. म्हणजे भीक आणि भाग मुळात एकाच घरचे! गावकीची भाकर जन्माने लादलेली होती. राबूनही ती उपकार म्हणून मिळे. भिक्खू स्वेच्छेने घर सोडतो, अन्नाचा वाटा घेतो व धम्माचा वाटा देतो. चिनी भाष्यकारही हेच सांगतात: भिक्खू बुद्धाकडे धम्म मागतो, तो मनासाठी, लोकांकडे अन्न मागतो, ते देहासाठी. केवळ मागण्याने कोणी भिक्खू होत नाही, असे धम्मपदही बजावते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच प्रश्न उभा केला आहे. भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष, की लोकांचा सेवक व मार्गदर्शक? पहिला असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही. दुसरा असेल तर धम्माची आशा त्याच्यावर आहे.

आपल्याच उपनगरातील बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत दाने दिली आहेत ती चारी दिशांच्या भिक्खुसंघाला. त्या चार दिशांत कोरियाही आला आणि गोवंडीही आली.

म्हणून चीवर पाहून हात जोडण्यापूर्वी एवढे पाहा: हा भिक्खू वस्तीत येतो काय, मुलांना शिकवितो काय, दुःखात जवळ बसतो काय? तसे असेल तर आपण दिलेले अन्न ही भीक नव्हे. तो त्याचा भाग होय.

जय भीम!