पायांना येणाऱ्या मुंग्या

श्रोतेहो, तासभर मांडी घालून बसल्यामुळे आपल्यापैकी कित्येकांच्या पायांना आत्ता मुंग्या आल्या असतील. त्यांची चिंता नको. गुडघ्याजवळ मज्जातंतू दबतो. पाय सरळ केला की थोड्याच वेळात तो पूर्ववत होतो.

भय आहे ते न दुखणाऱ्या पायाचे. खडपावर कालवे काढताना तळवा कापला आणि घरी रक्त दिसल्यावरच ते कळले, तर त्याला राठ कातडीचे कौतुक समजू नका. दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे बधिर असतील तर आधी रक्तातील साखर तपासून घ्या. एखादाच फिकट चट्टा असून त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाचा संशय घ्यावा. पनवेलजवळच्या नेऱ्याचे शांतिवन आपल्याला ठाऊक आहेच. या रोगात बोटे झडतात ती बहुधा न जाणवलेल्या जखमा चिघळून! 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली संयुक्त औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. जंतू त्यांनी मरतो. गेलेली संवेदना मात्र पुष्कळदा परतत नाही. तेव्हा उशीर नको.

रोज रात्री दिव्याजवळ तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा, नाहीतर नातवाला बोलवावे. त्याचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात.