बंद न होणारं बटण
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला नोकरीबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण गेली दोन वर्षं मी वेगळंच काही शिकले, तेच सांगते. जीवशास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर गणितं सोडवायचे, हे बाईंना आठवत असेल.

माझ्या आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शौचातून रक्त जायचं. मूळव्याध असेल, म्हणून आम्ही सगळ्यांनी आठ महिने काढले. निदान झालं तेव्हा रोग यकृतात पसरला होता. तपासणीच्या अहवालात एक ओळ होती : के-रास जनुकात बदल आढळला. डॉक्टर म्हणाले, "मग एक औषध यांना लागू पडणार नाही." का नाही, हे कळावं म्हणून मी वाचायला बसले.

आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारी प्रथिनं असतात, त्यांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनले कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळालं. वृद्धिघटक पेशीच्या दारावरची घंटा वाजवतो, आत के-रास हे प्रथिन बटणासारखं चालू होतं, निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि बटण बंद होतं.

जनुकात बदल झाला की हे बटण चालूच राहतं. मग पेशी नुसती वाढत नाही, स्वतःच वृद्धिघटक तयार करू लागते. ते बाहेर पडून तिचीच घंटा वाजवतात. व्हीईजीएफ नावाचा आणखी एक घटक शेजारच्या रक्तवाहिन्यांना गाठीकडे फुटवे फोडायला लावतो. थांबायची अटच नसलेला प्रोग्राम नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही लिहिला होता. तेव्हा सर्व्हर बंद करून सुटका झाली. इथे ती सोय नाही.

सेटुक्सिमॅब हे औषध बाहेरची घंटा झाकतं. आतलं बटणच अडकलं असेल तर त्याचा उपयोग होत नाही. अहवालातल्या त्या ओळीमुळे आईचं एक महागडं, त्रासदायक औषध टळलं. केमोथेरपीबरोबर तिला व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब दिलं. त्याने काही महिने मिळाले. नातीची दहावी तिने पाहिली. मार्चमध्ये ती गेली.

आता तुमच्याशी संबंधित गोष्ट. हा रोग एका रात्रीत होत नाही. बहुतेकदा सुरुवात एपीसी या जनुकातल्या बिघाडाने होते, आतड्यात लहानसा पॉलिप येतो. के-रासचा बिघाड सहसा त्यानंतरचा. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात कोलोनोस्कोपीत तो दिसतो आणि तिथल्या तिथे काढता येतो. अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिसाव्या वर्षीच तपासणी सुरू करायची शिफारस आहे. आपण सगळे त्याच वयाच्या आसपास आहोत.

म्हणून एवढंच मागते. रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं किंवा घरात कुणाला हा रोग झालेला असेल, तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. मूळव्याध आहे की नाही, ते त्यांना ठरवू द्या. माझी कोलोनोस्कोपी एप्रिलमध्ये झाली. दोन पॉलिप निघाले, काढले. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तेवढं वाईट लागतं, बाकी काही नाही.

बाई, गृहपाठ उशिरा आणलाय. तपासून द्या.